पुढच्या कडेवरचं वजन

टेबलाला पाय नकोत, हे आईचं म्हणणं. घराचा प्लॅन नुसता कागदावर होता तेव्हापासूनचं. जुन्या घरी जे टेबल होतं त्याच्या डाव्या पायाला तिचा गुडघा दिवसातून दोनदा तरी लागायचा, खालचा केर काढायचा तर आधी खुर्ची बाहेर ओढा, मग वाकून चार पायांमधून झाडू फिरवा, आणि गुडघेदुखी वाढल्यापासून ते वाकणंच तिला जमेना. म्हणून नव्या घरात टेबल भिंतीला लावायचं, खाली सगळं मोकळं. मी लगेच हो म्हटलं. मला ते दिसायलाही आवडत होतं, भिंतीतून एक फळी बाहेर आलीय, खाली जमीन सलग दिसतेय, छोटी खोलीही मोठी वाटते. आणि काम ते केवढं, तीन ब्रॅकेट म्हणजे भिंतीला लावायचे लोखंडी कोन, एक फळी, अर्धा दिवस. असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात राहायला आल्यावर टेबल लागायला साडेचार महिने गेले आणि तेवढ्या काळात मी भिंतीचा जेवढा विचार केला तेवढा अख्खं घर बांधून होईपर्यंत केला नव्हता.

जागा ठरलेली होती. खिडकीच्या उजवीकडे सव्वाचार फुटांची भिंत, म्हणजे लिहायला बसलं की उजेड डावीकडून येणार, हाताची सावली कागदावर पडणार नाही. टेबल १२० सेंटिमीटर लांब, ५० खोल, १८ एमएम प्लायचं. एवढ्या फळीचं स्वतःचं वजन सातएक किलो भरतं, त्यात विशेष काही नाही.

सुतारकाका बघायला आले तेव्हा त्यांनी टेप काढायच्या आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. डावीकडे, मधे, मग उजव्या कोपऱ्यात. कोपऱ्यात आवाज एकदम वेगळा, घट्ट. ते म्हणाले, "ताई, इथे कॉलम आहे. बाकी भिंत कशाची?" मी पटकन विटांची म्हणाले. "वीट नाही ही. वीट असं बोलत नाही."

खरंच नव्हती. बांधताना मीच रोज बघितलेले पांढरट करडे मोठे ठोकळे, एएसी ब्लॉक, पण प्लास्टर आणि रंग झाल्यावर माझ्या डोक्यात भिंत म्हणजे वीट हेच परत येऊन बसलेलं. हे ब्लॉक १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये शोधले गेले. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या पातळ मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पावडर टाकतात, तिची चुन्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि सगळं फुगतं, मग ते कापून दाबाखालच्या वाफेत शिजवतात. तयार ठोकळ्यात निम्म्याहून जास्त जागा नुसत्या छिद्रांची असते. घनमीटरला साधारण ६०० किलो, म्हणजे काँक्रीटच्या पावपट. इमारतीवरचा भार कमी होतो, आतल्या खोल्या कमी तापतात, बांधकाम भराभर होतं, मला हा ब्लॉक मनापासून आवडतो. पण त्यात स्क्रू बसवायचा म्हणजे ज्याला धरायचं ते मुळातच अर्ध्याहून जास्त हवा आहे.

काकांनी त्या दिवशी ड्रिल बाहेरच काढलं नाही. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "अजून गार लागतेय. वाळू दे." त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही प्लास्टिकच्या जाड कागदाचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून बारीक थेंब. बाहेरून रंग कोरडा ठणठणीत दिसत होता, पण आतून पाणी अजून निघतच होतं. नव्या घरात केवढं पाणी जिरलेलं असतं हे आपण विसरतो, बांधकामात, प्लास्टरमध्ये, वर महिनाभर दिवसातून दोन वेळा मारलेलं पाणी वेगळंच, आणि हे सगळं भिंतीच्या दोन तोंडांतून हळूहळूच बाहेर पडतं. ओल्या भिंतीला प्लाय टेकवला की कडेने पाणी ओढतो, फुगतो, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. शिवाय काँक्रीटचा कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे उभी बारीक चीर जाण्याची शक्यता असते, दोन वेगळे पदार्थ, दोघांचं आकसणं वेगळं, प्लास्टरखाली जाळी मारली तरी कधीकधी जातेच. आमचं टेबल नेमकं त्या सांध्यावरून जाणार होतं. चीर जायची असेल तर आधी जाऊ दे, भरून रंगवून घेऊ, मग टेबल. तिसऱ्या महिन्यात गेली पण. केसाएवढी, सरळ वरून खाली, आखल्यासारखी.

मधल्या काळात उंचीचं काम करून घेऊ म्हटलं, आणि ते केलं हे फार बरं झालं. पायांचं टेबल उंच वाटलं तर पाय कापता येतात, बुटकं वाटलं तर खाली ठोकळे देता येतात. भिंतीतल्या टेबलाची उंची एकदाच ठरते, नंतर बदलायची म्हणजे नवी भोकं पाडा आणि जुनी बुजवा. बाजारातली टेबलं बहुतेक ७३ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात, ती उंची आईला कधीच जमली नाही, खांदे उचलून लिहायची ती आयुष्यभर. मोजायची रीत सोपी आहे. पावलं पूर्ण जमिनीला टेकतील अशा खुर्चीत बसायचं, दंड अंगालगत सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचं, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. आईचं आलं ६६, माझं ७२. दिवसा मी काम करणार, संध्याकाळी ती शब्दकोडं सोडवणार आणि घरखर्चाची वही लिहिणार. मग उरलेले ब्लॉक आणून त्यांच्या दोन चळती रचल्या, वर काकांनी दिलेली तेवढ्याच मापाची जुनी फळी ठेवली, आणि खाली जाड पुठ्ठे सरकवत रोज थोडी उंची बदलत आम्ही आठवडाभर त्यावर खरोखरीचं बसून पाहिलं. ६९ला आई म्हणाली, "हे बरंय गं, हात आपोआप येतोय." मला थोडं खाली होतं पण लॅपटॉप स्टँडवर गेला की प्रश्न मिटत होता. ज्याला पर्याय आहे त्याने जुळवून घ्यावं, ज्याला नाही त्याच्या मापाने वस्तू करावी, मला हा हिशोब सरळ वाटतो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, आईचं कोडं झालं, चष्मा काढून ठेवला, आणि उठायला म्हणून तिने दोन्ही तळहात फळीच्या पुढच्या कडेवर टेकवले आणि अंगाचा भार टाकला. नुसती ठेवलेली फळी, चळतींच्या पुढे वीतभर बाहेर आलेली. मागची बाजू एकदम वर उचलली, चष्मा, पेन, वही सगळं तिच्याकडे घसरत आलं. मी शेजारीच होते म्हणून दंडाला धरता आलं, ती परत खुर्चीत बसली, लागलं काही नाही. पण तिचा चेहरा उतरला होता. "मी कुठे जोर दिला गं," एवढंच म्हणाली. आणि मला ते ऐकून कसंतरीच झालं, कारण तिची काही चूकच नव्हती, ती अशीच उठते. गेली पाचसहा वर्षं ती अशीच उठतेय, जेवणाच्या टेबलावरून, देवघरापुढच्या पाटावरून सुद्धा शेजारच्या स्टुलाला धरून, आणि मी रोज बघूनही ते कधी टेबलाच्या हिशोबात धरलंच नव्हतं. मी हिशोब केला होता लॅपटॉपचा, पुस्तकांचा, दिव्याचा. फार तर वीस किलो.

त्या रात्री कागद घेऊन बसले. टेबल किती किलो पेलेल हा प्रश्नच अपुरा आहे, किलो कुठे ठेवणार त्यावर सगळं आहे. पहारीने दगड उचलताना जे होतं तेच इथे उलटं होतं. ब्रॅकेटचं खालचं टोक भिंतीला रेटतं, तो टेकू, आणि पुढच्या कडेवर दाबलं की वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. भार जेवढा भिंतीपासून लांब तेवढी ओढ जास्त, ब्रॅकेटची उभी बाजू जेवढी लांब तेवढी ओढ कमी. समजा ६० किलो, म्हणजे तोल जाऊन आईने जवळजवळ सगळा भार टाकला असं धरू, ५० सेंटिमीटरवरच्या कडेवर. मी पसंत केलेल्या नाजूक ब्रॅकेटची उभी बाजू होती १५ सेंटिमीटर. ६० गुणिले ५०, भागिले १५. दोनशे किलो! वरच्या स्क्रूवर, सरळ बाहेरच्या दिशेने, आणि तोही हवेच्या भिंतीत. तीन ब्रॅकेटमध्ये वाटला जाईल म्हणावं तर तसंही नाही, कारण आई उठते ती खुर्ची किंचित तिरकी करून, एका कोपऱ्यावर हात ठेवून, तेव्हा एकट्या ब्रॅकेटवर जवळजवळ सगळं येणार. तोच आकडा ४० सेंटिमीटरच्या उभ्या बाजूला काढला तर ७५ किलो. स्क्रू तोच, भिंत तीच, आई तीच, फक्त लोखंडाची पट्टी २५ सेंटिमीटर वाढली. हे मला शाळेत शिकवलं होतं, मार्कही मिळाले होते, पण ते खरं काय असतं ते त्या रात्री कळलं.

हातांच्या खुर्चीचाही विचार केला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं गुडघ्यांसाठी जास्त चांगलंच, आणि तशी खुर्ची आम्ही घेतली पण, घेताना तिचे हात टेबलाखाली जातात का ते मोजून घेतलं. पण पाचसहा वर्षांची सवय समोरच्या वस्तूला हात टेकवायची असेल तर खुर्ची बदलून हात बदलत नाहीत. टेबलाने तयार राहायला हवं.

काकांना कागद दाखवला. त्यांनी आकडे बघितले नाहीत, चित्र बघितलं, आणि आत बसलेल्या आईकडे बघितलं. "असं होय. मग फिशरवर सोडायला नको. आरपार बोल्ट घेऊ."

फिशर म्हणजे तो भिंतीतला नायलॉनचा प्लग. आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ साली तो काढला, आणि आता कुठल्याही कंपनीचा असला तरी सुतार त्याला फिशरच म्हणतात. काकांनी उमेदवारी केली ती त्याच्याही आधीच्या पद्धतीवर, पटाशीने भिंतीत चौकोनी खाच पाडायची, लाकडाची गिट्टी ठोकून बसवायची आणि त्या गिट्टीत स्क्रू पिळायचा. प्लग काय किंवा गिट्टी काय, सगळी भिस्त भोकाच्या भिंतींवर, आत फुगून किंवा दाटून त्यांना धरून राहायचं. काँक्रीटला हे झकास जमतं. हलक्या ब्लॉकला भोकाची भिंतच भुसभुशीत. आम्ही उरलेल्या एका ब्लॉकवर करून बघितलं, ड्रिल हॅमरवर ठेवून भोक पाडलं तर बिट ठोके देत गेलं आणि भोक पार ऐसपैस झालं, प्लग आत गरगर फिरायला लागला. दुसरं भोक हॅमर बंद करून, नुसतं फिरवत, एक नंबर लहान बिटने पाडलं, भुसा फुंकून काढला, तेव्हा प्लग घट्ट बसला. फोटोफ्रेमला, दिव्याला, हलक्या शेल्फला एवढं पुरतं. या कामाला नाही.

आरपार बोल्टची गोष्ट वेगळी. भिंतीच्या पलीकडे दुसऱ्या खोलीतलं कपाट आहे, भिंतीतच केलेलं, त्याला मागे फळी नाही, नुसती भिंत. म्हणजे बोल्ट पलीकडे कपाटात निघणार आणि तिथे दहा बाय दहा सेंटिमीटरची लोखंडी प्लेट घालून नट आवळायचा. आता ओढ लागली तर ब्लॉकला काही धरून ठेवायचंच नाही, त्याच्या पाठीवर प्लेट दाबली जाणार, आणि दाब सोसणं ब्लॉकला येतं. ७५ किलो शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरले की चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो, आणि असा ब्लॉक साधारण ३० किलोपर्यंत दाब सहन करतो. जे भिंतीला जमत नाही ते मागायचं नाही, जमतं ते मागायचं, काकांच्या त्या एका वाक्यात सगळं काम होतं आणि मला ते आकड्यांनी कळायला एक रात्र लागली.

राहिला प्रश्न भिंतीत काय दडलंय याचा. इथे दादाचे उपकार. प्लास्टर व्हायच्या आदल्या दिवशी त्याने प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवला होता, शेजारी टेप उभा धरून. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं कशाला एवढं. कुणी घर बांधत असेल तर त्यांना मी आता एवढं एकच आग्रहाने सांगते, प्लास्टरच्या आधी फोटो काढा, टेप दिसेल असे, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून. वायरचा पाइप बोर्डापासून सरळ उभा नाहीतर सरळ आडवा जावा असा दंडक आहे आणि त्या अंदाजावर लोक ड्रिल मारतात. आमच्या भिंतीत खालचा बोर्ड ऐनवेळी डावीकडे सरकवला होता, आणि पाइप वरच्या बोर्डापासून खालच्याकडे चक्क तिरका उतरला होता. डाव्या ब्रॅकेटचं खालचं भोक बरोब्बर त्यावर येत होतं. फोटोत टेपचे आकडे वाचून ब्रॅकेट ७ सेंटिमीटर उजवीकडे घेतला. त्याने तो खिडकीच्या कडेपासूनही आणखी लांब गेला, तेही बरंच, कारण कडेला ब्लॉकचा टवका उडतो.

लावायचा दिवस मात्र खरंच अर्ध्या दिवसाचाच निघाला. आदल्या रात्री प्लास्टिकचा कागद परत चिकटवून बघितला, सकाळी कोरडा. काकांनी उंचीची खूण एका जागी केली आणि मग पाण्याच्या नळीने ती दुसऱ्या टोकाला नेली, पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत आलं की झालं. माझ्याकडे लेव्हल होती, पण पाणी बघत बसायला मला आवडलं, दोन्हीकडे थोडं थोडं हलत हलत शेवटी स्थिर होतं ते. पहिलं भोक पाडताना मी डोळे मिटले. कोऱ्या भिंतीत पहिलं भोक. आतून पांढरा भुसा आला, अगदी मऊ, पिठासारखा. ब्लॉकमध्ये ड्रिल हॅमरशिवाय, शांतपणे, सरळ पलीकडे. कॉलममध्ये हॅमरवर, करड्या धुळीचे लोट, आणि दुसऱ्या भोकाला चार सेंटिमीटर आत गेल्यावर बिट अडलं. सळई. काकांनी जोर लावला नाही, लगेच बिट मागे घेतलं, दोन बोटं बाजूला नवी खूण केली. "ती घराची आहे, तिला लागायचं नाही." कॉलममध्ये अँकर बोल्ट बसले, ब्लॉकमध्ये आरपार. नट आवळताना बेताने, प्लेटखालचं प्लास्टर चुरायला नको म्हणून.

मग फळी. ती भिंतीला टेकवली तर मधे फट! भिंत ओळंब्यात नव्हती आणि सपाटही नव्हती, आमच्या डोळ्यांना आजवर सरळ दिसलेली भिंत मधे चांगली ६ मिलिमीटर आत होती. काकांनी फळी ब्रॅकेटवर ठेवली, पेन्सिल एका लाकडाच्या चिपाटीला धरून चिपाटी भिंतीलगत सरकवत नेली आणि भिंतीचा सगळा चढउतार फळीवर रेघेत उतरला. त्या रेघेवर रंधा आणि पॉलिशपेपर. परत ठेवली तेव्हा फळी भिंतीत मिळून गेली, वायरींसाठी मुद्दाम ठेवलेली खाच तेवढी उघडी. सगळ्या कडा, खालची बाजूसुद्धा, सील करून घेतली. पुढच्या कडेला त्यांनी न सांगता गोलाई दिली. मी हात फिरवून बघत होते तर म्हणाले, "आजी इथेच धरणार ना. बोचायला नको."

ब्रॅकेट लांब आहेत, ४० सेंटिमीटरचे, शिवाय तिरका आधार. मी आधी मनात धरलेलं भिंतीतून अलगद निघालेलं टेबल काही झालं नाही, खालून बघितलं की लोखंड दिसतं. मला आता ते लोखंड आवडतं. केर काढताना झाडू सरळ भिंतीपर्यंत जातो, आईला वाकावं लागत नाही.

लावल्यावर काकांनी दोन दिवस भार टाकू नका म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई वही आणि कोडं घेऊन बसली. मी पलीकडच्या खोलीत कपाटात चादरी लावत होते. खालच्या खणाच्या वर त्या चार लोखंडी प्लेट ओळीने, अजून रंग न दिलेल्या. पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी चादर तशीच टाकली आणि डावीकडच्या वरच्या प्लेटवर तळहात ठेवला. गार होती. भिंतीपलीकडे आईने श्वास घेतलेला ऐकू आला, उठताना ती घेते तसा, मग तिचं नेहमीचं "हं", मग पावलं. प्लेट होती तशीच होती. आई दारात आली, चष्मा हातात, म्हणाली, "अगं, आठ उभे, पाच अक्षरी, शेवटचं अक्षर 'ण'. सुचतंय का काही?"